मळ जावा, सोने राहावे

दागिना उजळताना त्याच्यावरचा मळ जातो की त्याच्यातले थोडे सोने जाते, ही शंका आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात सोनारांच्या व्यवहारावर एक अख्खा अध्याय आहे. घडवलेली वस्तू तपासायला किंवा जुनी वस्तू दुरुस्तीला हाती आली की तिच्यातले सोने चार मार्गांनी काढता येते, असे तो सांगतो: ठोकून, कापून, कोरून आणि घासून. चौथ्या मार्गाचे नाव परिमर्दन. हरताळ, मनशीळ, हिंगूळ यांपैकी एखाद्याची किंवा कुरुविंद या कठीण दगडाची पूड फडक्याला लावायची आणि वस्तू चोळायची. सोन्याची काय, चांदीची काय, वस्तू झिजते. पण कुठे तुटल्या-मोडल्याची खूण दिसत नाही, असे कौटिल्य बजावतो. चोरी झाल्यावर वस्तू आधीपेक्षा जास्त चकाकत असणार, हे त्याने लिहिले नसले तरी उघड आहे.

र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली या ग्रंथाची संशोधित आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० साली काढली. राज्यशास्त्र शिकणारे ती वाचतात. पण हा एक अध्याय घरातले दागिने सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईने वाचावा, इतका तिच्या कामाचा आहे. कोमट पाणी, रिठा, मऊ कुंचला आणि धुऊन धुऊन मऊ झालेले सुती फडके ही आपली घरगुती पद्धत मला परिमर्दनाला दिलेले उत्तर वाटते. तिच्यात घासणे जवळपास नाहीच. भिजवणे आहे, हलकेच चोळणे आहे आणि टिपणे आहे.

यामागचे कारण वजनाचे. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर गुंज भरते जेमतेम ०.१२ ग्रॅम. इतक्या बारीक मापाने मोजून जे सोने घरात आले, ते अडीनडीला गहाण पडणार, लेकीच्या लग्नात मोडून नवे होणार, वाटणीत काट्यावर चढणार. चकाकी डोळ्यांना दिसते, घट काट्यालाच कळते. आणि काट्यापुढे चकाकीला किंमत नाही.

सोन्याचा स्वभावही या पद्धतीच्या बाजूचा आहे. शुद्ध सोन्यावर हवेचा किंवा पाण्याचा परिणाम होत नाही. बावीस कॅरेटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोने असते, त्यामुळे तोही सहसा काळवंडत नाही. अंगावरचा दागिना मंद दिसतो तो घाम, तेल, पावडर, हळदकुंकू आणि मळलेली कणीक यांच्या थरामुळे. या सगळ्यांना धरून ठेवणारा खरा चिकट घटक एकच, स्निग्धपणा. तो सुटला की बाकीचे आपोआप निघते. म्हणजे सोने घासायचे नाही, त्याच्यावरचे तेल सोडवायचे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे नियम आहेत, त्यांत हे जवळजवळ असेच मांडलेले दिसते. ज्याला काही चिकटलेले नाही असे सोन्याचे भांडे नुसत्या पाण्याने शुद्ध होते. पाण्यात जन्मलेल्या शंखासारख्या वस्तू, दगडाच्या वस्तू आणि नक्षी नसलेली चांदी यांनाही पाणीच पुरते. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांना मात्र क्षार आणि आंबट पाणी सांगितले आहे. हे नियम धार्मिक शुद्धीचे आहेत, पण ज्याने ते लिहिले त्याला धातूंचे वागणे चांगले ठाऊक होते. नक्षीची चांदी वेगळी काढणे ही तर भांडी स्वतः हाताळणाऱ्याचीच नजर. नक्षीच्या खाचेत मळ बसतो आणि नुसत्या पाण्याने तो हलत नाही.

याच अध्यायात रिठाही येतो, ‘अरिष्टक’ या नावाने. पण तो सोन्यासाठी नाही; लोकरीच्या कांबळ्यांसाठी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही रिठ्याचे काम हेच. म्हणजे रिठा मुळात कपड्यांच्या बाजूचा. उंची लोकर, रेशीम, पुढे शाली आणि पैठण्या, जे खसखसून धुवायचे नाही ते रिठ्यात, हा रिवाज आपल्या घरांत अगदी परवापर्यंत होता. सोन्याला पाणी आणि नाजूक वस्त्राला रिठा या दोन जुन्या गोष्टी पुढे एका वाटीत आल्या, अशी माझी समजूत आहे. ज्या घरात पैठणी आणि पाटल्या एकाच पेटीत राहतात, तिथे हे घडणे साहजिक होते.

रिठ्याचे झाड आपल्या दख्खनचे आणि घाटाचेच. त्याची फळे दोन-तीन एकमेकांना चिकटलेली येतात. वाळली की त्यांची साल सुरकुतते, तपकिरी होते आणि आत काळी, गुळगुळीत, टणक बी खुळखुळते. फेस बीत नाही, सालीत आहे. सालीतल्या सॅपोनिन या द्रव्याच्या रेणूचा एक भाग तेलाला धरतो, दुसरा पाण्याला. त्यामुळे तेलाचा थर बारीक थेंबांत फुटून पाण्याबरोबर निघून जातो. धातूला ते शिवतही नाही, आणि त्यात खरखरीत असे काही नसते.

साबण आल्यावर रिठा मागे पडायला हवा होता. १९१६ साली म्हैसूर संस्थानाने बंगळुरात साबणाचा कारखाना काढला, १९१८ साली गोदरेजचा साबण मुंबईत आला, आणि हळूहळू वडी खेडोपाडी पोचली. न्हाणीघर आणि धुण्याचा दगड साबणाने जिंकला. दागिन्यांच्या वाटीत मात्र रिठा राहिला, आणि त्याला रीतीपलीकडचे कारण आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बहुतेक विहिरींचे पाणी जड. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा हा साका ठुशीच्या मण्यांमध्ये आणि कोंदणाच्या कडांमध्येही बसतो, आणि धुतलेला दागिना धुरकट दिसतो. रिठ्याच्या पाण्याचा असा साका होत नाही.

आता पाणी कोमटच का, उकळते का नाही? याचे उत्तर दागिन्याच्या पोटात आहे. कोल्हापुरी साज, बोरमाळ, मोहनमाळ यांतले कितीतरी मणी भरीव नसतात. पातळ सोन्याच्या पत्र्याचा मणी करून त्यात लाख भरलेली असते. थोड्या सोन्यात डोळ्यांत भरणारा दागिना करायची ही आपल्या कारागिरांची युक्ती, आणि मला ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळेच बेताच्या घरांतल्या बायकांच्या गळ्यात साज पडला. पण लाख उष्णतेने मऊ होते. असा मणी उकळत्या पाण्यात टाकला तर लाख पाझरते, मणी पोकळ होतो आणि बोटाच्या दाबाने चेपतो. म्हणून रिठे उकळायचे, पाणी गाळायचे, हाताला सोसेल इतके निवू द्यायचे आणि मगच दागिना त्यात सोडायचा. लाखेचे मणी तर त्यात भिजतही ठेवायचे नाहीत. कुंचला बुडवून वरून फिरवला, की पुरे.

मोत्यांचे शास्त्र निराळे. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आंबटाने विरघळते. चिंच, लिंबू, ताक यांतले काहीही नथीला लागता कामा नये. गरुडपुराणात मोत्याची पारख सांगितली आहे: खोटेपणाचा संशय असेल तर मोती तेल-मीठ घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर ठेवावा, किंवा कोरड्या कापडात गुंडाळून तांदळाच्या दाण्यांनी चोळावा, रंग बदलला नाही तर खरा. ही परीक्षा आहे, निगा नव्हे, आणि घरच्या नथीवर ती करून बघू नये. नथ काढली की मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसावी, वाळू द्यावी आणि ठेवावी. एवढेच.

चांदीच्या बाबतीत मात्र आपली परंपरा चुकली, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. हवेतल्या गंधकयुक्त वायूने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर येतो. त्या थरातही चांदी असते. राख, रांगोळी किंवा दंतमंजन लावून पैंजण घासले, की काळेपणाबरोबर तीही जाते. पिढ्यान्‌पिढ्या घासलेल्या तबकांवरची नक्षी बघा, बोटाला लागेनाशी झालेली असते. ते कौटिल्याचे परिमर्दनच, फक्त घरच्या माणसांनी प्रेमाने केलेले. उपाय साधा आहे. भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरून त्यावर चांदी ठेवायची, खायचा सोडा घालून गरम पाणी ओतायचे. गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि थरातली चांदी पुन्हा चांदी होऊन वस्तूवरच राहते. खडे, मोती किंवा लाख असलेली वस्तू आणि मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी यांना ही रीत लावायची नाही.

परिमर्दनाचा वारसा दुसऱ्या बाजूनेही चालू आहे. भरदुपारी, घरात बायका किंवा म्हातारी माणसे एकटी असताना, ‘पॉलिश करून देतो’ म्हणत दोघे-तिघे दारात येतात. आधी पितळी समई फुकट चकचकीत करून दाखवतात, मग पैंजण, मग गळ्यातले. सोने ज्यात बुडवतात ते पाणी असते आम्लराज, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. एरवी कशालाही न बधणारे सोने त्यात विरघळते. दागिना झळझळीत होऊन परत मिळतो, आणि विरघळलेले सोने पाण्याबरोबर त्यांच्या डब्यातून बाहेर जाते. त्या पाण्यात हिराकस घातला की सोन्याची तपकिरी पूड खाली बसते. पोलीस दरवर्षी सावध करतात, तरी दरवर्षी कुणाच्या तरी बांगड्या हलक्या होतात.

सोन्याच्या धंद्यातली माणसे मात्र एक कणही सोडत नाहीत. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, तो धुऊन त्यातले सोने काढणारे झारेकरी महाराष्ट्रात पिढीजात हेच काम करत आले. मुंबईच्या झवेरी बाजारात गल्लीतली धूळही धुतली जाते. ज्या धुळीतून एका कुटुंबाचे पोट भरते, तिच्यात किती घरांची गुंजगुंज असेल!

धुतल्यानंतरचे सांभाळणे तर याहून जुने. मोहेंजोदडोत दागिन्यांच्या साठ्यासह सापडलेल्या चांदीच्या भांड्याला कापडाचे तुकडे चिकटलेले होते. धातूच्या क्षारांमुळे ते कुजले नव्हते. १९२० च्या दशकात त्यांची तपासणी आपल्या माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर यांनी केली आणि ते कापूसच असल्याचा निर्वाळा दिला. दागिना सुती कापडात ठेवायची सवय निदान साडेचार हजार वर्षांची आहे.

घरी हे करायचे असेल तर काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खे रिठे आणा. तयार पूड नको, ती कोंदणात अडकते. बिया काढा, साली रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळून घ्या. डोळ्यांना ते पाणी लागू देऊ नका, फार झोंबते. मोरीच्या तोंडावर दागिने धुऊ नका, परातीत धुवा. आणि कोणताही दागिना उजळायला दुसऱ्याच्या हाती देण्याआधी आणि परत घेताना त्याचे वजन करा, दुकान कितीही ओळखीचे असो.