सॉफ्टवेअरचा साचा कोणाच्या हाती?

पेणच्या कारखान्यांतून गणपती दोन प्रकारे बाहेर पडतात. काही रंगवून, डोळे आखून. बरेचसे कच्चे, म्हणजे न रंगवलेले. कच्ची मूर्ती नेणारा कारागीर तिला हवे ते रंग देतो; पण साचा हाती नसल्याने तशीच दुसरी काढू शकत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये साच्याच्या जागी असते मूळ आज्ञावली, म्हणजे माणसाला वाचता येईल असा प्रोग्रॅम. आपल्याला बहुधा मिळते ती यंत्रभाषेत उतरवलेली प्रत. १९६० च्या दशकात आयबीएम आपल्या संगणकाबरोबरच सॉफ्टवेअर देत असे. १९६९ मध्ये कंपनीने त्याची वेगळी किंमत लावण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल होऊ लागला. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावली कॉपीराइट कायद्यात 'साहित्यकृती' ठरली. (कादंबरी आणि पगारपत्रकाचा प्रोग्रॅम एकाच पंगतीत!) आपण पैसे मोजतो ते वापराच्या परवान्याचे. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत 'शेअरवेअर' आले: प्रती वाटा, आवडले तर पैसे पाठवा. साचा बहुधा तेथेही बंदच.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८९ च्या त्यांच्या जीपीएल परवान्याची अट अशी, की साचा घ्या, बदला, हवे तर विका. पण बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत तर तिचा साचाही याच अटींवर द्या. बर्कले विद्यापीठाच्या परवान्यात हे बंधन नाही; मूळ कर्त्याचा उल्लेख राखला की बदललेला साचा झाकून ठेवता येतो. लिनस तोर्वाल्द्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स दिले, तेव्हा पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी जीपीएल स्वीकारला. लिनक्स पसरण्यात या बदलाचा वाटा मोठा, असे मला वाटते. फुकट आणि मुक्त यांत इंग्रजीत घोटाळा होतो. आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत.

१९९० च्या दशकात मराठी टंकलेखनाची पॅकेजे आपापले अक्षरसंकेत वापरत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराची गिचमिड होई, आणि विकतचा फॉन्ट दुसऱ्याला देण्याची परवानगी नसे. युनिकोडने संकेत एक केला. अक्षरांच्या आकारांचा प्रश्न उरला. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा 'एक मुक्त' हा फॉन्ट २०१४ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. तो बदलता येतो, वाटता येतो. फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. रोह्याच्या शाळेने प्रश्नपत्रिकेबरोबर तो पेणच्या छापखान्यात धाडला, तर कोणाची परवानगी लागत नाही.