तळटीप : वेल्टरवेटमधील थोर कोण?

* वेल्टरवेट म्हणजे मुष्टियुद्धातील १४७ पौंडांपर्यंतचा वजनगट. लेखकाने येथे शुगर रे रॉबिन्सन, शुगर रे लेनर्ड आणि मेवेदर यांना एकाच पंक्तीला बसवले आहे; पण तिघांच्या काळचे नियम एक नव्हते. १६ सप्टेंबर १९८१ रोजी लास व्हेगासला लेनर्डने टॉमी हर्न्सला १४व्या फेरीत हरवले, तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर हर्न्सच पुढे होता. आज विजेतेपदाची लढत १२ फेऱ्यांत आटोपते. त्या हिशेबाने हा सामना हर्न्सचा! हेन्री आर्मस्ट्राँगने तर १९३९च्या एकट्या ऑक्टोबरमध्ये ५ वेळा विजेतेपद राखले. तरीही पहिला मान रॉबिन्सनचाच. १९४६मध्ये मिळवलेले वेल्टरवेटचे विजेतेपद त्याच्याकडून कुणालाच हिसकावता आले नाही. १९५१मध्ये वरच्या गटात जाताना त्यानेच ते सोडले. — संपा.