मधला कप्पा

१ जून १८९३ रोजी ठाण्यात एक ग्रंथालय सुरू झालं आणि त्यामागे एक साधा हट्ट होता: इथे मराठी पुस्तकं जमवायची, जमतील तेवढी सगळी, आणि फक्त मराठी. मराठी ग्रंथसंग्रहालय हे त्याचं नाव. विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णू भास्कर पटवर्धन या दोघांचा त्यात पुढाकार होता. भावे तेव्हा एकवीस वर्षांचे होते, कॉलेजात शिकत होते. पुढे त्यांनी पोटापाण्यासाठी मिठाचा धंदा केला, पण जीव अडकला तो पोथ्यांत.

आज हा हट्ट कुणाला विशेष वाटणार नाही. १८९३ साली मात्र तो जगावेगळा होता. त्याआधीची साठेक वर्षं गावोगावी ग्रंथालयं निघत होतीच. रत्नागिरीला १८२८ मध्ये, नगरला १८३८ मध्ये, नाशिकला १८४० मध्ये, पुण्याला १८४८ मध्ये ती निघाली. त्यांना ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणत. गोरे अंमलदार आणि गावातले शिकलेले कारकून, वकील, मामलेदार यांनी वर्गणी काढून ती चालवायची, मुंबईची वर्तमानपत्रं टेबलावर पसरायची आणि कपाटं प्रामुख्याने इंग्रजी पुस्तकांनी भरायची, असा एकूण रिवाज. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, म्हणजे ठाण्याच्या संग्रहालयापेक्षा २९ वर्षांनी वडील. कल्याणला रेल्वे येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, आणि पुढच्याच वर्षी त्याच गावात जोश्यांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली, जी पुढे डॉक्टर आनंदीबाई म्हणून जगाला माहीत झाली. जुन्या बंदरगावाचं रेल्वेगाव होत असतानाच्या काळातलं हे वाचनालय आजही चालू आहे.

ठाण्यालाही छापील मजकुराचं वावडं नव्हतं. ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक १८६६ पासून इथूनच निघत होतं, ‘हिंदुपंच’ १८७२ पासून. म्हणजे छापायची सोय होती, वाचणारेही होते. नव्हती ती छापलेलं सांभाळून ठेवायची व्यवस्था. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारदरबारी करावी लागे आणि प्रती द्याव्या लागत. पण त्या सरकारच्या कामासाठी, काही थेट लंडनला. ठाण्यातल्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक पाहायचं असेल तर त्याने कुणाच्या तरी माडीवरची पेटी उघडायला लावायची, एवढाच मार्ग होता. भावे-पटवर्धनांनी ही पेटी सार्वजनिक केली.

या जमवाजमवीतून काय निघालं ते पाहण्यासारखं आहे. विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकात १८९८ च्या सुमारास भाव्यांनी जुन्या मराठी वाङ्मयावर लेखन सुरू केलं. तेच वाढत वाढत ‘महाराष्ट्र सारस्वत’ झालं आणि १९१९ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्याचा जाडजूड ग्रंथ बनला. त्यातल्या काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले, शं. गो. तुळपुळ्यांना त्याला पुरवणी लिहावी लागली. पण मराठी वाङ्मयाचा सलग इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने आधी पुस्तकं गोळा केली आणि मग लेखणी उचलली, हा क्रम ठाण्याच्या संग्रहालयाची किंमत सांगून जातो. १८९८ मध्येच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. आकाराने ते ठाण्याच्या कितीतरी पुढे गेलं. वयाने मात्र धाकटंच.

स्वातंत्र्यानंतर ग्रंथालयांना सरकारी आधार आला, तो उशिरा. मद्रास प्रांताने १९४८ सालीच ग्रंथालय कायदा करून घरपट्टीवर ग्रंथालय-कर बसवला. महाराष्ट्राने कायदा केला १९६७ मध्ये आणि कर काही बसवला नाही. इथे ग्रंथालय चालवायचं ते संस्थेने, सभासदांच्या वर्गणीवर. सरकार त्याची ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशी प्रतवारी करणार आणि त्याप्रमाणे अनुदान देणार. याचा फायदा असा की ग्रंथालयं गावाची राहिली. तोटा असा की ग्रंथपालाचा पगार हा कायम उरल्यासुरल्या पैशाचा विषय राहिला. अर्ध्या शतकानंतरही ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या अधिवेशनांत वेतनश्रेणीची मागणी जुनी झालेली नाही.

आणि मग डोंबिवली. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून निघालेली मराठी माणसं साठ-सत्तरच्या दशकांत इथे येऊन राहिली, ती खोल्यांऐवजी ब्लॉक मिळतो म्हणून. येताना वाचायची सवय बरोबर घेऊन आली आणि लोकलचा तास-सव्वा तासाचा प्रवास त्या सवयीच्या पथ्यावर पडला. कथाकार पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथे राहिले. गल्लोगल्ली खाजगी लायब्ऱ्या निघाल्या. अनामत ठेवायची, महिन्याची वर्गणी भरायची, एक पुस्तक आणि एक मासिक घरी न्यायचं. दिवाळीच्या तोंडावर जादा पैसे भरले की पुढचे काही महिने दिवाळी अंकांची रांग लागे. ‘मनोरंजन’कर्त्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला खरा, पण घरोघरी डझनावारी अंक वाचले गेले ते या लायब्ऱ्यांमुळे. एवढे विकत कोण घेणार?

या पुस्तकांवर वाचकांच्या खुणा असत. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के, काही ठिकाणी इतके की चिठ्ठीवर चिठ्ठी. आणि नीट पाहिलं तर आत एखाद्या ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीक टिंब, किंवा एखादं अक्षर. आठवड्याला दोन-तीन कादंबऱ्या फस्त करणाऱ्या वाचकांना आपण हे पुस्तक आधी नेलं होतं का, ते आठवत नसे. म्हणून प्रत्येकाची आपली एक खूण. एकाच पानावर अशा चार-पाच निरनिराळ्या खुणा भेटत. ग्रंथपालांना हे अर्थातच मान्य नसे.

अशाच लायब्ऱ्यांच्या काळात, १९८६ मध्ये, पुंडलिक पै यांनी डोंबिवलीत फ्रेंड्स लायब्ररी सुरू केली. तिच्या बरोबरीच्या कितीतरी केबल टीव्हीच्या लाटेत बंद पडल्या, उरलेल्या काही मोबाइलच्या. ही टिकली, त्याचं कारण पुढे येईल.

संगणकयुगाचं पहिलं मोठं काम ठाण्याच्या संग्रहालयानेच केलं आणि ते त्याच्या १८९३ च्या हट्टाला धरून होतं. आपल्याकडची दुर्मिळ मराठी पुस्तकं स्कॅन करून त्यांनी ती संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य खुली केली. पूर्वी त्यासाठी ठाण्याला यावं लागे, अर्ज करावा लागे, आणि पुस्तक समोर आलं तरी पान उलटताना हात थरथरे. आता ते कुठूनही उघडता येतं. याच ठाण्यात सुनील सामंत यांचं ई साहित्य प्रतिष्ठान उभं राहिलं. त्याची रीत उलटी. आजच्या लेखकांची पुस्तकं, लेखकांच्या संमतीने, पीडीएफ करून ईमेल आणि व्हॉट्सॲपवरून फुकट पाठवायची आणि वाचणाऱ्याने ती पुढे धाडायची. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आली, नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेलने मराठी पुस्तकं कानात ओतायला सुरुवात केली.

म्हणजे मराठी पुस्तकांचं एक कपाट मानलं, तर त्याचा वरचा कप्पा, अगदी जुना, मोकळा झाला. खालचा, अगदी नवा, फोनवर मिळू लागला. मधला कप्पा, म्हणजे साधारण विसावं शतक, मात्र जिथल्या तिथे आहे.

याचं कारण कायद्यात आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढची ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक बिनधास्त संकेतस्थळावर टाकता येतं. पु. भा. भाव्यांचं निधन १९८० चं. त्यांच्या कथा २०४० संपेपर्यंत हक्काच्या कुंपणात. शं. ना. नवरे २०१३ मध्ये गेले; त्यांचं लेखन खुलं व्हायला २०७३ उलटावं लागेल. २०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीत ९० वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा संमेलनाच्या नगरीला पु. भा. भाव्यांचंच नाव होतं. मांडवाच्या कमानीवर नाव असलेल्या लेखकाचं पुस्तक मिळवायचं म्हटलं तर वाचकाला एकतर छापील आवृत्ती बाजारात असण्याची वाट पाहायची किंवा लायब्ररीची पायरी चढायची. भाव्यांसारख्या नामवंतांच्या आवृत्त्या निदान अधूनमधून निघतात. एकच आवृत्ती निघून विसरल्या गेलेल्या शेकडो कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, विनोदी लेखसंग्रह, बायकांनी लिहिलेली आत्मचरित्रं यांना तीही वाट नाही. वारसांचा पत्ता लागत नाही आणि प्रकाशनसंस्था कधीच मिटलेली असते. परवानगी मागायची कोणाकडे?

त्यात कागदाची गोष्ट आणखी वाईट. सगळ्यात जुनी पुस्तकं सगळ्यात नाजूक असतील असं आपण गृहीत धरतो. पण शिळाप्रेसवर छापलेल्या, चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदाची पुस्तकं दीडशे वर्षांनीही पुष्कळदा धडधाकट असतात. लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि त्याबरोबर त्यातलं आम्लही आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत तर मिळेल तो कागद वापरला गेला. मराठी नवकथा नेमकी याच काळात घडत होती. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथा ज्या अंकांतून आणि पहिल्या आवृत्त्यांतून आल्या, त्यातल्या बऱ्याच अंकांची पानं आज तपकिरी होऊन दुमडल्या जागी तुटतात. कसर आणि वाळवी आहेतच; ठाण्या-कल्याणची खाडीकाठची दमट हवा त्यांना मानवते.

कायद्यात एक फट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते. ती जगाला वाटता येत नाही, पण पुस्तकाचा भुगा होण्याआधी त्याचं रूप राखता येतं. वरच्या कप्प्याच्या स्कॅनिंगचं कौतुक होतं, बातम्या येतात. या कामाची बातमी होणार नाही, कारण दाखवायला काही नाही. तरीही पैसा आणि माणसं आता इथे लागायला हवीत, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

दरम्यान ग्रंथालयांत माणसं येतात ती निराळ्याच कारणासाठी. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना स्पर्धा परीक्षेचा किंवा सीएचा अभ्यास होत नाही, म्हणून मुलांना हवी असते अभ्यासिका: एक खुर्ची, डोक्यावर पंखा, चार्जिंगला प्लग आणि शांतता. या परीक्षांची वाट इथे जुनी आहे: ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून प्रशासकीय सेवांच्या उमेदवारांना तयार करते आहे. अभ्यासिकेतल्या मुलाच्या समोर ग्रंथालयाचं एकही पुस्तक नसतं. स्वतःच्या नोट्स आणि मोबाइलवरचं व्याख्यान असतं. यावर जुने सभासद नाकं मुरडतात. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सरकारने १५ ऑक्टोबरला परवानगी देईपर्यंत ग्रंथालयांची दारं बंद राहिली, तेव्हा ज्यांच्या घरात जागाच नव्हती त्यांची अडचण सर्वांत मोठी होती.

पैंची लायब्ररी टिकली कारण ती लोकांच्या मागे गेली. पुस्तक घरपोच द्यायला लागली, ऑनलाइन नोंदणी घ्यायला लागली. तिचा गाजलेला उपक्रम म्हणजे पुस्तक आदान-प्रदान. आपलं वाचून झालेलं पुस्तक आणायचं आणि दुसऱ्या कुणीतरी आणलेलं घेऊन जायचं. दिवाळीच्या पहाटे तरुणाईने फुलणाऱ्या फडके रोडवर त्यांनी ‘बुक स्ट्रीट’ही भरवली, पुस्तकं थेट रस्त्यावर मांडून.

अशा ठिकाणी जी पुस्तकं बाहेर येतात, त्यांत मधल्या कप्प्याचा माल असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ठाण्याच्या नौपाड्यातल्या, डोंबिवलीच्या टिळकनगरातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात, आजोबांचं कपाट रिकामं करावं लागतं, आणि नव्या घरात भिंतीला लागून टीव्ही यायचा असतो. ग्रंथालयाला फोन जातो: ‘तीन पोती पुस्तकं आहेत, घेऊन जाता का?’ ग्रंथालयाकडेही जागेची बोंब. त्यामुळे आधी दाखल नोंदवही उघडून बघायचं की यातलं आपल्याकडे काय आहे. नसलेलं ठेवायचं, असलेलं परत.

प्रश्न असा की नोंदवही फक्त आपल्याच कपाटांचं सांगते. ठाण्याला नको असलेली दुसरी प्रत कल्याणला पहिली ठरू शकते. कल्याणात ‘सत्यकथा’ मासिकाच्या एखाद्या वर्षाच्या बांधीव खंडातले दोन अंक गहाळ असतील, तर ते डोंबिवलीतल्या कुणाच्या पोत्यात निघू शकतात. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही गावं एकाच रुळावर पाऊण तासाच्या आत आहेत. ग्रंथालयांकडे संगणक आहेत, सूची करायची सॉफ्टवेअर आहेत, सरकारचं ‘ई-ग्रंथालय’ तर विनामूल्य मिळतं. गरज आहे ती तिन्ही गावांची मिळून एक सूची करण्याची, आणि ती रोज भरत राहील अशा एका पगारी माणसाची.