साचेखात्याचे बंद दार आणि बेकारांचे शिक्षण

गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगारांनी दुसरे काही शिकून घ्यायला हवे होते, असे सांगणारे शहाणे आजही भेटतात. आम्ही त्यांना उलट विचारतो: गिरण्या धडाक्यात चालू होत्या, तेव्हा आमच्या बापजाद्यांना शिकू कोणी दिले नाही?

मुंबईच्या गिरण्यांत साचेखाते म्हणजे चांगल्या पगाराचे खाते. तिथे अस्पृश्याला मज्जाव होता. कारण काय, तर बाबीण संपली की नव्या बाबिणीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्याने सवर्ण विणकर बाटे! यंत्र विलायतेचे, विटाळ मात्र इथला. आमची माणसे कमी पगाराच्या कताईखात्यात अडकली. 1928 च्या, सुमारे सहा महिने चाललेल्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे युनियनने नाखुशीने ती मागणी आपल्या यादीत घेतली. पुढे काहीजण साच्यावर गेलेही. पण हुनर हातात येण्यात पिढ्या वाया गेल्या, त्याची भरपाई कोण देणार?

हेच बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते. महायुद्ध संपत आले होते, सैनिक आणि युद्धकारखान्यांतले कामगार घरी बसणार हे उघड होते. जुलै 1945 मध्ये त्यांच्याच खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगाराचे संचालनालय उभे राहिले. रोजगार विनिमय केंद्रांची ही सुरुवात. काम गेलेल्या माणसाला पुन्हा कामाला लावणे हे सरकारचे काम आहे, हा विचार त्यामागे होता. 1948 मध्ये ही केंद्रे सर्व बेकारांना खुली झाली.

आता 18 जानेवारी 1982 कडे या. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 1986 मध्ये केंद्राने कापड कामगार पुनर्वसन निधी काढला: कायमच्या बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. 'पुनर्वसन' नाव घेऊन आलेली ही तात्पुरती मदत होती. चौथ्या वर्षी काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

मग शिकावे म्हटले तर? 1978 चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि 1988 चे साक्षरता अभियान, दोन्ही 15 ते 35 वयाच्या लोकांसाठी. वीस वर्षे रिंगवर उभा राहिलेला, चाळिशी ओलांडलेला, चौथी शिकलेला माणूस प्रौढ शिक्षणाच्या हिशेबात प्रौढच नव्हता! 1992 मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला, त्यात पुनर्प्रशिक्षणाचे आश्वासन होते. प्रत्यक्षात बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला. म्हणजे माणसे शिकवण्यापेक्षा माणसे काढण्यावर.

यात जात कुठे आली, असे आमचे डावे मित्र विचारतील. साच्यावर काम केलेल्याला भिवंडीच्या यंत्रमागाचा निदान एक रस्ता होता, मजुरी कितीही पिळवणुकीची असो. यंत्रमागावर विणकाम होते, कताई नव्हे. कताईखात्यातल्या माणसाच्या हुनराला गिरणीबाहेर गिऱ्हाईक कुठे होते? धोट्याच्या विटाळाचा हिशेब असा पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा चुकवावा लागला.

म्हणून कौशल्य विकासाचे फलक आपल्या वस्तीत लागले की तरुणांनी आधी तीन गोष्टी विचाराव्यात: वयाची अट काय, शाळेचा दाखला लागतो का, आणि शिकत असताना घर चालवायला रोज किती मिळणार. रोजी बुडवून शिकायला या म्हणणाऱ्यांकडे आमच्या आया-बापांना पाठवायचे का, हे त्या उत्तरांवर ठरवू.

जय भीम!