सुती शर्ट कुठे तारतो आणि कुठे गारठवतो? रत्नागिरीच्या सड्यापासून घाटमाथ्यापर्यंत

विदर्भातून रत्नागिरीत राहायला आलेल्या माणसाच्या एक गोष्ट लवकर लक्षात येते. इथे माठातलं पाणी तिकडच्याइतकं गार होत नाही. माठ तोच, उन्हाचा पारा तर तिकडच्यापेक्षा कमीच. फरक हवेत आहे. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं, तेव्हा ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. समुद्राकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे इथे ते पाणी सावकाश उडतं.

आपलं शरीरही असाच एक माठ आहे. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम ओघळून जमिनीवर पडला, तर जवळजवळ काहीच फायदा नाही. म्हणून बाहेर भटकायला जाताना शर्टाबद्दल पहिला प्रश्न ब्रँडचा नसतो. या हवेत हा शर्ट घाम उडू देईल का, आणि उडू देणं मला हवं आहे का, हे आधी पाहायचं.

दमट ऊन: किनारा आणि सडा

हवामान विभागाच्या निकषांनुसार उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून होतो, किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांपासूनच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात तासनतास उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. नागपूरकराला हा आकडा किरकोळ वाटेल. दमट हवेत तो किरकोळ नसतो.

आता उक्षी किंवा कशेळीची कातळशिल्पं पाहायला निघालेल्या माणसाचा विचार करा. जांभ्याचा सडा, झाडाचं नाव नाही, वरून ऊन आणि खालून तापलेला कातळ. इथे बहुतेक जण अंगाला चिकटणारा हाफ टी-शर्ट घालून येतात, आणि नेमकं तेच चुकतं. होजिअरीचा जाड टी-शर्ट घामाने भिजला की त्वचेला चिकटतो, आतली हवा खेळायची थांबते. त्यापेक्षा पातळ, विणीतून उजेड दिसेल असा, एक माप मोठा, फुल बाह्यांचा सुती किंवा खादीचा शर्ट बरा. तो बाहेर सोडलेला असावा. चालताना खालून हवा आत शिरते आणि गळ्यातून बाहेर पडते.

फिकट रंग चांगला, पण सैलपणा त्याहून महत्त्वाचा. वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० साली ‘नेचर’ नियतकालिकात एक अभ्यास आला होता. काळा झगा जास्त तापतो हे खरं, पण ती जादाची उष्णता त्वचेपर्यंत पोचत नाही, आतल्या मोकळ्या हवेबरोबर निघून जाते, असं त्यात आढळलं. आपला शर्ट झग्याइतका सैल नसतो, तेव्हा आपण फिकटच घ्यावा.

फुल बाह्यांचं कारण फक्त ऊन नाही. हापूस काढणाऱ्या माणसाला विचारा. देठ तुटताना उडणारा चीक कातडी भाजतो आणि झाडावरच्या लाल मुंग्या वेगळ्याच. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा ताप गोचिडीमुळे पसरतो. रानात शिरताना बाह्या मनगटापर्यंत हव्यात, आणि तेवढ्यापुरता शर्ट पँटमध्ये खोचावा.

पाऊस आणि वारा: घाटमाथा

इथे सगळा हिशेब उलटतो. जुलैत खेड तालुक्यातल्या महिपतगडावर निघालात असं समजा. गडाची उंची तीन हजार फुटांच्या आसपास, म्हणजे खालच्यापेक्षा पाच-सहा अंश कमी तापमान. शिवाय पाऊस आणि सोसाट्याचा वारा. आता शरीरातली उष्णता जाऊ द्यायची नाही, राखायची आहे.

भिजलेलं सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि तासनतास वाळत नाही. कोरड्या हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. पंधरा-वीस अंशांतही भिजलेला, दमलेला, उपाशी माणस गारठू शकतो. आधी थरथर सुटते, मग बोटांना बटण लावता येत नाही, शब्द अडखळतात. थरथर आपोआप थांबली आणि माणूस सुस्तावला, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही, धोका वाढल्याचं आहे.

इथे पॉलिएस्टर कामाचं. हा धागा स्वतः जेमतेम अर्धा टक्का ओलावा शोषतो, त्यामुळे पिळून झटकला की लवकर वाळतो. महागडाच हवा असं नाही, बाजारात मिळणारी साधी फुटबॉल जर्सीही चालते. (दोन दिवसांत वास मारते, ते सोसायचं.) टेरिकॉट यांच्या मधलं. वर वारा अडवणारं जाकीट हवंच. आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा शर्ट, जो चढताना कितीही मोह झाला तरी काढायचा नाही. तो माथ्यावर किंवा मुक्कामाला पोचल्यावर घालायचा.

आपल्याकडच्या धनगरांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. भर पावसात ते घोंगडी घेऊन उभे असतात. लोकर वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प शोषूनही ओली लागत नाही, आणि भिजली तरी तिच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकून राहते. हिमालयात जाणारे ट्रेकर ज्या मेरिनो लोकरीच्या टी-शर्टसाठी पैसे मोजतात, तिचं तत्त्व हेच.

कोरडं ऊन, कोरडी थंडी

चंद्रपूर किंवा सोलापूरच्या मे महिन्यात सुती शर्टाला तोड नाही. तिथे ओला सुती शर्ट म्हणजे अंगावरचा माठ. पाणी हाताशी असेल तर शर्ट मुद्दाम भिजवून घाला. थंडीच्या ट्रेकला एका जाड शर्टापेक्षा तीन पातळ थर बरे: अंगालगत पॉलिएस्टर किंवा लोकर, मध्ये फ्लीस किंवा स्वेटर, वर वारा अडवणारं काहीतरी. चढताना घाम येण्याआधीच एक थर उतरवायचा.

दुकानात कापड कोणतं ते आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं. घरचा जुना शर्ट असेल तर भिजवा, पिळा, पंख्याखाली टांगा. तासाभरात वाळला तर पावसाळ्यासाठी ठेवा, ओलाच राहिला तर उन्हाळ्यासाठी. मात्र रात्री मुक्कामात चूल पेटवायची वेळ आली, तर पॉलिएस्टरचा शर्ट घालून जाळाशी बसू नका. सुती कापड जळतं, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. चुलीशी जो बसेल, त्याने अंगात सुती किंवा लोकरीचं काहीतरी घालावं.