प्रत्यर्पण करार व संसदीय संमती

एका राज्यात अपराध करून दुसऱ्या राज्याच्या आश्रयास गेलेल्या व्यक्तीस पहिल्या राज्याच्या स्वाधीन करणे, यास प्रत्यर्पण म्हणतात. ते बहुधा उभय राज्यांतील करारानुसार होते. करार करणे हा परंपरेने कार्यकारी सत्तेचा अधिकार होय. परंतु प्रत्यर्पणाने व्यक्तीचे स्वातंत्र्य व प्रसंगी प्राणही पणास लागतात. म्हणून त्यास विधिमंडळाची संमती कोणत्या स्वरूपात असावी, हा संविधानात्मक विधीतील जुना प्रश्न आहे.

अमेरिकेत तहास सीनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांची संमती लागते. प्रत्यर्पणाची तरतूद असलेल्या १७९४ च्या जे तहास ती मिळाली होती. तथापि चौकशीची कार्यपद्धती ठरविणारा कायदा झालेला नव्हता. जोनाथन रॉबिन्स या खलाशाने आपण अमेरिकन नागरिक असल्याचे सांगूनही १७९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या सूचनेवरून त्यास ब्रिटिशांच्या हवाली करण्यात आले व त्यांनी त्यास फाशी दिले. या प्रकरणावर प्रतिनिधिगृहात तीव्र वादंग माजले. कार्यपद्धतीचा कायदा मात्र १८४८ मध्ये झाला. तहास संमती असली, तरी तेवढ्याने व्यक्तीचे रक्षण होत नाही, हे यावरून दिसून आले.

ब्रिटनमध्ये तह राजसत्ता करते. परंतु संसदीय कायद्याविना कोणासही परराज्याच्या स्वाधीन करता येत नाही. त्यामुळे १८४२ च्या अमेरिकेबरोबरच्या तहातील प्रत्यर्पणविषयक कलमासाठी १८४३ मध्ये कायदा करावा लागला. १८७० च्या अधिनियमाने सर्वसाधारण चौकट घालून दिली व राजकीय अपराध वगळले. अनुसमर्थनापूर्वी तह संसदेपुढे ठेवण्याचा १९२४ पासूनचा संकेत २०१० मध्ये कायद्यात समाविष्ट झाला. फ्रान्समध्ये १९५८ च्या संविधानातील कलम ५३ अन्वये, विधीच्या तरतुदींत बदल घडविणाऱ्या तहांचे अनुसमर्थन कायद्यानेच करावे लागते. संसदेतील विरोधामुळे करार अडल्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आढळते : चीनशी २००७ मध्ये झालेल्या प्रत्यर्पण कराराच्या अनुसमर्थनाचा प्रस्ताव तेथील शासनाने २०१७ मध्ये मागे घेतला.

भारतात करार करण्याचा अधिकार कलम ७३ अन्वये केंद्र शासन वापरते आणि करारांच्या अंमलबजावणीसाठी कलम २५३ अन्वये संसद कायदा करू शकते. प्रत्यर्पण अधिनियम, १९६२ मध्ये दंडाधिकाऱ्याकडून चौकशीची व राजकीय अपराधांच्या अपवादाची तरतूद आहे. मात्र प्रत्येक करारावर संसदेत मतदान होत नाही. अधिनियमाखालील अधिसूचित आदेश दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात, एवढेच. मुंबईतील १९९३ च्या बाँबस्फोट खटल्यातील आरोपी अबू सालेम याचे पोर्तुगालने २००५ मध्ये प्रत्यर्पण केले. त्यासाठी त्यास देहान्त अथवा २५ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा होणार नाही, अशी हमी भारत शासनाने दिली होती. तिच्या पालनास शासन बांधलेले आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. कार्यकारी सत्तेचा शब्द शिक्षेच्या मर्यादेपर्यंत पोहोचतो, हे यावरून स्पष्ट होते. संविधानाच्या कार्यान्वयाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये करार करण्याच्या अधिकाराचे नियमन करणारा कायदा संसदेने करावा, अशी शिफारस केली होती.