उपद्रवी प्राण्यांचा सदय वध

पीक, साठवलेले धान्य किंवा माणसाचे आरोग्य यांना अपाय करणारा प्राणी मारणे अटळ ठरले, तर त्याला कमीत कमी यातना द्याव्यात असा विचार. प्राणी मारावा का, याचे उत्तर ‘होय’ आले की कसा मारावा हे विचारण्याचे कारण उरत नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. हा विचार त्या समजुतीविरुद्ध उभा राहिला. ब्रिटनमध्ये मेजर चार्ल्स ह्यूम यांनी 1926 साली लंडन विद्यापीठात प्राणिकल्याण संस्था काढली. सशांचे पाय दातेरी जबड्यात पकडून ठेवणाऱ्या ‘जिन’ सापळ्याविरुद्ध तिने दीर्घ मोहीम चालवली. 1958 पासून इंग्लंड-वेल्समध्ये त्या सापळ्यावर बंदी आली.

भारतीय घरांत हा प्रश्न उंदरापाशी येतो. 1896 ची मुंबईतली प्लेगची साथ किंवा पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस पाहता उंदीरनाशाची गरज नाकारता येत नाही. वाद पद्धतीचा आहे. सदयतेची कसोटी दोन गोष्टींवर लागते : शुद्ध हरपेपर्यंत किती वेळ जातो आणि त्या वेळात वेदना किती तीव्र असते. या कसोटीवर घरगुती पसंतीचा क्रम बराचसा उलटा ठरतो. ब्रोमॅडिओलोनसारखी विषे रक्त गोठू देत नाहीत. उंदीर आतल्या रक्तस्रावाने काही दिवसांनी मरतो. तो आडोशाला मरत असल्याने घरच्यांना काही दिसत नाही, आणि विषाच्या लोकप्रियतेचे हेही एक कारण असावे. असा उंदीर खाणाऱ्या गव्हाणी घुबडालाही विषबाधा होऊ शकते. झिंक फॉस्फाइडपासून पोटातील आम्लामुळे फॉस्फिन वायू तयार होतो. मरण तासांत येते, पण ते वेदनेचेच. चिकट सापळा सर्वांत वाईट : उंदीर सुटण्यासाठी कातडी फाडून घेतो, स्वतःचा पाय कुरतडतो आणि भूक, तहान व थकव्याने मरतो. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर बादलीत बुडवणे हा सौम्य उपाय समजला जातो. पशुवैद्यकात बुडवून मारणे सदय मानत नाहीत. दूर नेऊन सोडलेल्या उंदरालाही अनोळखी जागी अन्न-आसरा मिळेलच असे नाही.

त्या मानाने ओबडधोबड दिसणारा स्प्रिंगचा चाप उजवा. तो मानेवर किंवा कवटीवर जोरात बसला तर काम क्षणात होते. मात्र स्प्रिंग ढिली असेल, किंवा उंदरासाठीचा चाप घुशीला लावला, तर प्राणी पाय अडकून तडफडत राहतो. म्हणून चाप योग्य आकाराचा हवा आणि रोज तपासायला हवा.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वन्यप्राणी-नियंत्रणाच्या सात आंतरराष्ट्रीय तत्त्वांत पहिला क्रम माणसाच्या वागणुकीत बदल करण्याला आहे. धान्य झाकणे, कचरा उचलणे, बिळे व भिंतीतल्या फटी बुजवणे यांशिवाय केलेला वध पुन्हा पुन्हा करावा लागतो. नुसता ‘उपद्रवी’ हा शिक्का प्राण्याला मारण्यासाठी पुरेसे कारण नाही, असेही ही तत्त्वे सांगतात.

न्यूझीलंडने 2015 पासून चिकट सापळ्यांवर कडक निर्बंध आणले. वेल्सने 2023 मध्ये बंदी घातली. भारतीय प्राणिकल्याण मंडळानेही त्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या भारतीय कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव प्राणी, त्यामुळे उंदीरही त्यात येतो. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड 10 ते 50 रुपये आहे.